झोप सुधारायची तर आधी उठायची वेळ बांधा

‘लवकर निजे, लवकर उठे’ ही म्हण आपण शाळेच्या भिंतीवर वाचत मोठे झालो. तिचा सल्ला चांगला आहे, पण क्रम उलटा आहे. दहा वाजता दिवा मालवून आडवं होणं आपल्या हातात असतं, डोळा लागणं नसतं. ‘आज लवकर झोपतोच’ असं ठरवून अंथरुणात शिरलेला माणूस बहुतेक वेळा बारापर्यंत पंख्याकडे बघत पडतो आणि सकाळी त्याची भरपाई म्हणून उशिरा उठतो. मग दुसऱ्या रात्रीही तेच. उठायची वेळ मात्र गजर लावून, घरच्यांना सांगून, प्रसंगी तोंडावर पाणी मारून पाळता येते. म्हणून ज्यांची झोप विस्कटली आहे, त्यांनी सकाळच्या टोकाकडून सुरुवात करावी. रात्र नंतर आपोआप मागे येते.

पुढे लिहिलंय ते साधारण सहा आठवड्यांचं काम आहे. सगळं एकाच सोमवारी सुरू करू नका. पहिल्या तीन पायऱ्यांनीच पुष्कळांचं भागतं, बाकीच्या ज्यांचं भागत नाही त्यांच्यासाठी आहेत. आणि घोरणं, दम लागणं, रोजची झोपेची गोळी यांपैकी काही असेल तर आधी शेवटचा भाग वाचा.

आधी थोडं शरीराबद्दल

झोप येण्यामागे दोन गोष्टी असतात. पहिली म्हणजे झोपेचा दाब. जागेपणी मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचं रसायन साचत जातं. जितका वेळ जागे, तितका साठा जास्त, तितकी झोपेची ओढ जास्त. झोपेत हा साठा उतरतो. सकाळी दहाला उठलेल्या माणसाला रात्री दहाला झोप येत नाही ती यामुळे: त्याचा साठा पुरेसा जमलेलाच नसतो.

दुसरी गोष्ट म्हणजे शरीरातलं घड्याळ. ते मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर असतं. पेशींमध्ये हे घड्याळ नेमकं कसं चालतं, हे फळमाश्यांवर काम करून शोधल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या उपयोगाची माहिती एवढीच की बहुतेक माणसांचं हे घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित मोठं असतं. म्हणजे मोकळं सोडलं तर ते रोज थोडं मागे पडतं. सुट्टीत दोन-तीन दिवसांत झोपायची वेळ साडेबारा-एकवर जाते त्याचं हेही एक कारण आहे. हे घड्याळ रोज जुळवून घ्यायचं मुख्य साधन म्हणजे सकाळचा उजेड.

पहिली पायरी: दहा-बारा दिवस नुसती नोंद

‘मला झोपच लागत नाही’ आणि ‘मला एक वाजता लागते’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे. म्हणून आधी नोंद. वेगळी वही नको, ती हरवते. दूध आणि इस्त्रीचा हिशोब जिथे लिहिला जातो, त्या कालनिर्णयाच्याच चौकटीत रोज सकाळी चार आकडे लिहा: अंथरुणावर कधी पडलो, अंदाजे कधी झोप लागली, कधी उठलो आणि मध्ये किती वेळ जागा होतो. खाली शेवटचा चहा किती वाजता घेतला ते. बस.

अंदाजच लिहायचा आहे. रात्री घड्याळ बघून मिनिटं मोजत बसाल तर त्या मोजण्यानेच झोप उडेल. मनगटावरच्या पट्ट्याचे आकडेही इथे फारसे कामाचे नाहीत. ते एकूण झोपेचा अंदाज बरा देतात, पण ‘गाढ झोप ४२ मिनिटं’ वगैरे वाचून सकाळी सातलाच उदास व्हायचं कारण नाही. रात्री दोन-तीनदा जाग येणं हेही आजाराचं लक्षण नाही. झोपेची आवर्तनं साधारण दीड-दीड तासाची असतात आणि दोन आवर्तनांच्या मध्ये हलकी जाग सगळ्यांनाच येते. बहुतेकांना सकाळी ती आठवत नाही, एवढंच.

किती झोप हवी? प्रौढांसाठी सात तास किंवा थोडी जास्त, हा तज्ज्ञांच्या संघटनांनी मान्य केलेला आकडा. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास, किशोरवयीनांना आठ ते दहा. ‘मला पाच तास पुरतात’ म्हणणारी माणसं भरपूर भेटतात. त्यांना दुपारच्या मीटिंगमध्ये किंवा लोकलच्या खिडकीशी बघावं, पुरतात की नाही ते कळतं.

दुसरी पायरी: उठायची वेळ

नोंदीवरून एक वेळ ठरवा, आठवड्याच्या सातही दिवशी पाळता येईल अशी. इथेच बहुतेकांची गाडी अडते. सोमवार ते शुक्रवार सहाला उठणारा माणूस रविवारी साडेनऊला उठतो आणि रविवारी रात्री झोप येत नाही म्हणून सोमवारच्या ऑफिसला दोष देतो. खरं तर त्याने दोन दिवसांत आपली उठायची वेळ साडेतीन तास पुढे ढकललेली असते. दुबईला जाऊन आल्यावर घड्याळ जेवढं हलतं, त्यापेक्षाही हे जास्त झालं.

सुट्टीच्या दिवशी फार तर पाऊण तासाची सूट घ्या. पाच वाजताची फुशारकी नको. आज साडेआठला उठत असाल तर सहाचा गजर लावू नका. दर तीन-चार दिवसांनी पंधरा-वीस मिनिटं अलीकडे या. आणि सगळ्यात अवघड भाग: आदल्या रात्री झोप वाईट झाली तरी उठायची वेळ तीच. त्या दिवशी जड वाटेल, चिडचिडही होईल, पण तोच साठलेला दाब त्या रात्री उपयोगी पडतो. उशिरापर्यंत लोळलात तर तो दाब सकाळीच खर्चून टाकलात.

गजराचं साधं घड्याळ विकत आणा. मोबाइल खोलीबाहेर काढायला हे एकच निमित्त पुरतं.

तिसरी पायरी: उठल्यावर तासाभरात उजेड

घरातला उजेड आपल्याला भरपूर वाटतो, कारण डोळे जुळवून घेतात. प्रत्यक्षात ट्यूबलाइटच्या खोलीत शे-तीनशे लक्स उजेड असतो, ढगाळ दिवशी बाहेर काही हजार आणि भर उन्हात लाखापर्यंत. शरीराच्या घड्याळाला हा फरक चांगला कळतो. म्हणून सकाळी वीस ते तीस मिनिटं घराबाहेर. व्यायामच हवा असं नाही. गॅलरीत उभं राहून चहा पिणं चालेल, झाडांना पाणी घालणं चालेल, दूध आणायला चालत जाणं तर उत्तमच. पावसाळ्यातही छत्री घेऊन बाहेर पडा, ढगाळ उजेडसुद्धा घरातल्या दिव्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. सूर्याकडे थेट बघायचं नाही, हे सांगायला हवं, कारण तसले सल्ले फिरत असतात.

आपल्याकडे एक बारकावा आहे. घड्याळ सगळ्या राज्याचं एकच असलं तरी सूर्य एकाच वेळी उगवत नाही. नागपूरला मुंबईपेक्षा साधारण वीस-पंचवीस मिनिटं आधी उजाडतं. जानेवारीत मुंबईत सव्वासातच्या सुमारास सूर्योदय होतो, म्हणजे पहाटे साडेपाचला चालून आलेल्या माणसाला व्यायाम मिळतो, उजेड मिळत नाही. अशांनी हिवाळ्यात चालणं जरा पुढे ढकलावं किंवा स्टेशनपर्यंत रिक्षाऐवजी पायी जावं. स्वयंपाक आणि डबे यांत ज्यांची सकाळ ओट्यापाशी जाते, त्या घरातल्या बाईला ‘सकाळी फिरायला जा’ सांगणं सोपं आहे. त्यापेक्षा घरातल्या दुसऱ्या कुणीतरी एक डबा भरावा आणि तिला वीस मिनिटं मोकळी करावी. तिची झोप सुधारायची ती पहिली अट आहे.

चौथी पायरी: चहाची वेळमर्यादा

चहाबद्दल लिहिणं म्हणजे घरात भांडण ओढवून घेणं, पण इलाज नाही. कॅफिन अ‍ॅडिनोसिनच्या जागा अडवून बसतं. दाब साठलेला असतो, फक्त मेंदूला तो जाणवत नाही. पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मं उतरायला सरासरी पाचेक तास लागतात. माणसामाणसांत फरक बराच असतो, गरोदरपणात आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना तर हा वेळ आणखी वाढतो. हिशोब करा: ऑफिसातून येऊन सहाला घेतलेल्या चहातलं निम्मं कॅफिन रात्री अकराला अंगात असतं. ‘मी चहा पिऊनही झोपतो’ म्हणणारा झोपतोही, पण त्याची झोप उथळ होते आणि सकाळी उठल्यावर त्याला पहिला चहा जास्त कडक लागतो.

उपाय म्हणजे चहा सोडणं नव्हे. दुपारी दोननंतर नको, एवढंच. ज्यांना हे फारच कठीण वाटतं त्यांनी चार वाजताचा शेवटचा ठेवावा, तोही अर्धा कप. दिवसाला पाच-सहा कप होत असतील तर एकदम तोडू नका, डोकं दुखतं. दोन-तीन दिवसांनी एक कप कमी करा. संध्याकाळी हातात कप हवाच असेल तर गवती चहा, आलं आणि गूळ उकळून घ्या, चहा पावडर न घालता. उन्हाळ्यात कोकम सरबत किंवा ताक. ग्रीन टीमध्ये कॅफिन असतं, ‘हर्बल’ समजून रात्री जेवणानंतर तो पिणारे बरेच आहेत. थंड पेयांत आणि एनर्जी ड्रिंकमध्येही असतं. पाहुण्यांकडे गेल्यावर ‘चहा नको’ म्हटलं की यजमान दुखावतात, त्यावर मला सापडलेला तोडगा म्हणजे आपण होऊन काहीतरी मागणं: ‘ताक आहे का हो?’ नुसता नकार दिला की आग्रह होतो, मागितलं की लोक खूश होतात.

दारूचं थोडक्यात: तिने झोप लवकर लागते आणि उत्तररात्री मोडते. झोपेसाठी म्हणून घेतलेला पेग हा वाईट सौदा आहे.

पाचवी पायरी: वामकुक्षी

पुण्यातल्या दुकानांच्या दुपारच्या फळ्यांवर विनोद करून झाले असतील तर हेही मान्य करू, की दुपारी एक ते तीनच्या दरम्यान पेंग येणं ही शरीराची स्वाभाविक लय आहे आणि जेवण हलकं असलं तरी ती येते. प्रश्न लांबीचा आहे. वीस मिनिटांची डुलकी ताजंतवानं करते. तासाभराची झोप गाढ टप्प्यात नेते, त्यातून उठल्यावर डोकं जड होतं आणि रात्रीचा दाबही उतरतो.

ज्यांची रात्र ठीक आहे त्यांनी तीनच्या आत वीस-पंचवीस मिनिटं खुशाल घ्यावीत. ज्यांना रात्री झोप लागत नाही त्यांनी महिनाभर दुपारची पूर्ण बंद ठेवावी. आयुर्वेदानेही उन्हाळा सोडून इतर ऋतूंत निरोगी माणसाला दिवसा झोपण्याची मोकळीक दिलेली नाही. आणि संध्याकाळी सातच्या बातम्या बघता बघता खुर्चीत लागणारा डोळा हीसुद्धा झोपच. ती हिशोबात धरायला लोक विसरतात.

सहावी पायरी: रात्रीचं जेवण

जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास हवेत. साडेसातला जेवणाऱ्यांना हे सांगायला नको. पण बदलापूरला किंवा विरारला रात्री नऊला घरी पोचणाऱ्याने काय करावं? त्याने जेवणाचे दोन भाग करावेत: निघण्याआधी सहाच्या सुमाराला पोटभरीचं काहीतरी, म्हणजे पोळीभाजी, भाजलेले चणे-शेंगदाणे, उकडलेली अंडी. घरी आल्यावर मुगाची खिचडी किंवा आमटीभात, तोही बेताचा. वडापाव हा या वेळेचा सर्वांत सोपा पर्याय असतो हे मान्य, पण तो रात्री छातीत जळजळ होऊन परत भेटतो. ज्यांना आंबट ढेकरांचा त्रास आहे त्यांनी डाव्या कुशीवर झोपावं आणि पलंगाची डोक्याकडची बाजू थोडी उचलावी. नुसती उशी वाढवली तर मान तेवढी दुखते.

हळदीचं किंवा जायफळाचं दूध? प्यायला आवडत असेल तर प्या. त्यात औषध शोधू नका. आणि जायफळ चिमटीभरच, जास्त झालं तर ते विषारी ठरतं. लहान मुलांना तर अंदाजाने देऊच नका.

सातवी पायरी: दिवे, टीव्ही आणि हॉलमध्ये झोपणारा माणूस

झोपेबद्दलचे सल्ले बहुधा अशा लोकांनी लिहिलेले असतात ज्यांच्या घरात प्रत्येकाला वेगळी खोली आहे. ‘बेडरूम अंधारी ठेवा’ हे वन बीएचकेत राहणाऱ्या पाच जणांना सांगून काय उपयोग? तिथे कुणीतरी एक जण हॉलमध्ये झोपतो, बहुतेक वेळा आजी-आजोबा किंवा कॉलेजात जाणारा मुलगा, आणि सगळ्यांचं जेवण, मालिका, गप्पा आणि पाणी प्यायच्या फेऱ्या संपेपर्यंत त्याचं अंथरूण पडत नाही. त्याच्या झोपेची वेळ तो नव्हे, घरातला सर्वांत उशिरा झोपणारा माणूस ठरवतो.

यावर नियम एकच: हॉलमधला दिवा आणि टीव्ही बंद करायची वेळ जो तिथे झोपतो त्याने ठरवायची. बाकीच्यांनी मालिका दुसऱ्या दिवशी अ‍ॅपवर बघावी किंवा कानात हेडफोन घालून आतल्या खोलीत. अभ्यास स्वयंपाकघरात, टेबललॅम्प लावून. पाण्याच्या बाटल्या आणि औषधं आधीच ज्याच्या त्याच्या उशाशी. हे भांडण वाटतं तितकं मोठं होत नाही, पण ते दुपारी, शांतपणे बोलून ठरवावं लागतं. रात्री अकराला ते बोलायला घेतलं की फक्त आवाज चढतात.

झोपण्याच्या दीड-दोन तास आधी पांढरी ट्यूब बंद करून पिवळा बल्ब लावा. दुकानात ‘वॉर्म व्हाइट’ मागा, खोक्यावर २७०० किंवा ३००० के असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे सगळीकडे लागलेले झगझगीत पांढरे एलईडी साधारण ६५०० केचे असतात, ते दिवसा ठीक.

मोबाइलच्या निळ्या उजेडाची चर्चा फार झाली. माझ्या मते रंगापेक्षा मजकूर जास्त घातक आहे. पडदा पिवळा केला तरी सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगवरून पेटलेलं भांडण पिवळं होत नाही. शिवाय ‘एकच रील’ म्हणताना गेलेला पाऊण तास हा झोपेतून वजा झालेला पाऊण तास असतो. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा. घरात आजारी माणूस असेल किंवा मुलं परगावी असतील तर आवाज चालू ठेवून लावा, फोन ऐकू येतो.

आठवी पायरी: उकाडा, डास, आवाज

झोप लागताना शरीराच्या आतलं तापमान उतरतं. उकाड्यात ते उतरत नाही, म्हणून झोप लागत नाही. झोपण्याच्या तास-दीड तास आधी कोमट पाण्याने अंघोळ केली की कातडीकडे रक्त येतं आणि नंतर आतली उष्णता बाहेर पडते. ऐकायला उलटं वाटतं, पण गार पाण्यापेक्षा हे उपयोगी. एसी असेल तर २४ ते २६ अंश आणि जोडीला हळू पंखा. विदर्भात कूलर लावताना एक खिडकी थोडी उघडी ठेवा, नाहीतर खोलीत दमट होतं आणि कूलरचा उपयोग संपतो. गच्चीवर झोपायची सोय ज्यांना अजून आहे ते नशीबवान.

डासांसाठी मच्छरदाणीला पर्याय नाही. दारं-खिडक्या बंद करून कॉइल जाळणं म्हणजे रात्रभर धूर पिणं.

आवाजाचं दुखणं अवघड. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सणासुदीला राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, तीही वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. तक्रार ११२ वर करता येते. शेजाऱ्यांशी संबंध बिघडतात म्हणून बहुतेक जण करत नाहीत, तेही समजण्यासारखं आहे. अशा वेळी मऊ फोमचे इअरप्लग आणि पंख्याचा एकसुरी आवाज यांनी बऱ्यापैकी भागतं.

नववी पायरी: झोप न लागल्यास अंथरुणातून उठा

ही पायरी लोकांना पटत नाही, पण जुन्या निद्रानाशावर सर्वांत जास्त उपयोगी पडणाऱ्या उपायांत ती आहे. रिचर्ड बूटझिन या मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये ती मांडली. तर्क सरळ आहे. रोज दोन-दोन तास तळमळत पडलं की अंथरुणाची आणि तळमळीची जोडी जमते. हॉलमध्ये पेंगणारा माणूस पलंगावर येताच टक्क जागा होतो तो त्यामुळे. ही जोडी मोडायची.

पद्धत अशी. खरोखर पेंग आली की मगच आडवं व्हा. वीसेक मिनिटं गेल्यासारखी वाटली आणि झोप नाही, तर उठा. घड्याळ बघायचं नाही, ते भिंतीवर असेल तर उतरवून ठेवा. दुसऱ्या जागी मंद उजेडात बसा आणि काहीतरी संथ करा: कपड्यांच्या घड्या, उद्याची भाजी निवडणं, जपाची सवय असेल तर जप. फोन नाही, ऑफिसचं काम नाही. पापण्या जड झाल्या की परत या. पुन्हा झोप नाही लागली तर पुन्हा उठा. पहिल्या काही रात्री हे कंटाळवाणं होतं, घरचे ‘काय चाललंय’ म्हणतात. आधीच सांगून ठेवा. घरात दुसरी जागाच नसेल तर निदान उठून बसा, भिंतीला पाठ टेकून, उशी बाजूला सारून.

अंथरुणावर जेवण, लॅपटॉप, हिशोब हे सगळं बंद, हे ओघाने आलंच.

डोक्यातल्या चक्रासाठी संध्याकाळी, दिवेलागणीच्या सुमाराला, पंधरा मिनिटं वही घेऊन बसा. एका बाजूला काळजी, समोर पुढचं एक छोटं पाऊल: ‘गृहकर्जाचा हप्ता – उद्या बँकेत विचारणे.’ ज्याला पाऊल नाही त्यापुढे ‘माझ्या हातात नाही’ असं लिहा. रात्री तेच विचार पुन्हा येतात, फक्त ‘वहीत आहे’ म्हणून बाजूला ठेवणं सोपं जातं.

दहावी पायरी: अंथरुणातला वेळ आवळणे

वरचं सगळं चारेक आठवडे नीट करूनही फरक नसेल तरच इथे या. कालनिर्णयातले आकडे काढा. समजा, तुम्ही रात्री साडेदहा ते सकाळी साडेसहा अंथरुणात असता, म्हणजे आठ तास, आणि झोप सरासरी साडेपाच तास. म्हणजे जेमतेम ६९ टक्के वेळ झोपेचा. आता अंथरुणातला वेळ झोपेच्या जवळ आणायचा: सहा तास. उठायची वेळ साडेसहाच, म्हणून साडेबाराच्या आधी आडवं व्हायचं नाही. आठवडाभरात झोप घट्ट होऊ लागते. अंथरुणातल्या वेळापैकी ८५ टक्के किंवा जास्त झोपेत जाऊ लागला की पंधरा मिनिटं अलीकडे, म्हणजे सव्वाबारा. असं दर आठवड्याला पंधरा-पंधरा मिनिटं, दिवसा ताजंतवानं वाटेपर्यंत. साडेपाच तासांच्या खाली कधीच जायचं नाही.

ही रीत आर्थर स्पीलमन आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये मांडली. पहिले काही दिवस दिवसा झोप अनावर होते, म्हणून ज्यांचं काम गाडी किंवा यंत्र चालवण्याचं आहे, ज्यांना फिट्स येतात किंवा बायपोलर आजार आहे, आणि गरोदर स्त्रिया, यांनी डॉक्टरांशिवाय हे करू नये. नववी आणि दहावी पायरी, विचारांवरचं काम धरून, मिळून जी उपचारपद्धती होते तिला कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी म्हणतात. दीर्घकाळच्या निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी हीच वापरावी, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये केली आहे.

ज्यांचं वेळापत्रक वेगळं आहे

*घरातले वडीलधारे.* वय वाढतं तसं घड्याळ अलीकडे सरकतं. आठला पेंगायचं, तीनला जाग, मग पहाटेपर्यंत ‘झोपच येत नाही’. आठ ते तीन म्हणजे सात तास झाले, हे प्रेमाने दाखवून द्यावं. त्यांचा उपाय सकाळच्या उजेडापेक्षा संध्याकाळच्या उजेडात आहे: पाच-साडेपाचला बागेत किंवा देवळापर्यंत फेरी, आणि साडेनऊपर्यंत कुणीतरी गप्पांत गुंतवणं. रात्री लघवीला वारंवार उठावं लागत असेल तर रक्तदाबाच्या गोळ्यांची वेळ डॉक्टरांना विचारा. त्यांतल्या काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात आणि संध्याकाळी घेतल्या जातात.

*दहावी-बारावीची मुलं.* या वयात घड्याळ उशिराकडे सरकतं, तो आळस नव्हे. ‘पहाटे चारला उठून अभ्यास’ रात्री नऊला झोपणाऱ्या पिढीला जमला. क्लासमधून दहाला येणाऱ्या मुलाचा त्याने निव्वळ तोटा होतो, कारण वाचलेलं पक्कं होण्याचं बरंच काम झोपेत चालतं. राज्य सरकारने २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला. चांगलंच झालं, पण सकाळी उठणं सर्वांत जड जातं ते त्यांच्या दादा-ताईंना.

*रात्रपाळी.* हिंजवडीतली अमेरिकेच्या वेळेची शिफ्ट असो की रुग्णालयातली, सकाळचा उजेड इथे शत्रू ठरतो. घरी येताना गडद गॉगल (स्वतः गाडी चालवत नसाल तर), आल्यावर हलकं खाऊन लगेच झोप, खिडकीला जाड काळा पडदा, दारावर घरच्यांसाठी पाटी. पाळीआधी तासाभराची झोप काढली तर पहाटेची तीन-चारची वेळ सोपी जाते. पाळी संपवून पेंगत दुचाकी चालवू नका. द्रुतगती मार्गावर डोळे जड झाले तर खिडकी उघडणं आणि गाणी मोठी करणं याने भागत नाही. गाडी थांब्यावर घ्या, कॉफी प्या आणि लगेच वीस मिनिटं डोळे मिटा. कॉफी अंगात भिनेपर्यंत डुलकी झालेली असते.

डॉक्टरांकडे कधी

मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकून दचकून उठणं, सकाळी डोकं दुखणं, दिवसा कुठेही डोळा लागणं. हे स्लीप अ‍ॅप्निया असू शकतं. यातली अर्धी लक्षणं स्वतःला कळत नाहीत, म्हणून बायकोने किंवा नवऱ्याने रात्री मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून डॉक्टरांना ऐकवावा. घोरणं म्हणजे गाढ झोप, हा आपल्याकडचा पक्का गैरसमज आहे. गोळ्यांनी न उतरणाऱ्या रक्तदाबामागेही पुष्कळदा हेच निघतं. तपासणी एका रात्रीची असते, काही ठिकाणी घरीही होते. हा त्रास असताना झोपेची गोळी किंवा दारू धोकादायक ठरते.

रात्री पाय अस्वस्थ होऊन सतत हलवावेसे वाटत असतील तर लोहाची तपासणी करून घ्या. बायकांमध्ये हे जास्त दिसतं आणि ‘थकव्याने पाय दुखतात’ म्हणून वर्षानुवर्षं चेपत राहतात. आठवड्यात तीन किंवा जास्त रात्री, तीन महिन्यांहून अधिक काळ झोप बिघडलेली असेल तर तो निद्रानाशाचा आजार धरून उपचार घ्यावेत. पहाटे लवकर जाग येऊन मन खिन्न राहणं, कशात रस न वाटणं असं असेल तर झोप हा मूळ प्रश्नच नसेल. टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर त्याच क्षणी, वाट न बघता.

शेवटी गोळ्या. शेजारच्या काकूंना लागू पडलेली अल्प्राझोलामची गोळी तुमच्यासाठी नाही. सर्दीची गोळी झोपेसाठी घेणंही बंद करा, वयस्कर माणसं त्याने पहाटे उठताना पडतात. पण वर्षानुवर्षं झोपेची गोळी घेत असाल तर हे वाचून आज रात्री ती एकदम सोडू नका. झोप दुप्पट बिघडते, हात थरथरतात, फिट्सही येऊ शकतात. लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडे महिन्याभराच्या नोंदी घेऊन जा. ते मात्रा हळूहळू, कधी कधी काही महिने लावून, उतरवतात. प्रत्येक वेळी मात्रा कमी झाली की दोन-चार रात्री वाईट जातील. त्या दिवसांत गजराची वेळ मात्र बदलू नका.